हरिदासचं परतीचं भाडं

हरिदासच्या गाडीच्या मागच्या काचेवर ‘मीना प्रसन्न’ असं लिहिलेलं होतं. सोलापूर स्टेशनबाहेरच्या आमच्या स्टँडवर ज्याच्या त्याच्या काचेवर देव. कुणाची तुळजाभवानी, कुणाचे स्वामी समर्थ, कुणाचा सिद्धेश्वर. ह्याच्या काचेवर बायको. पोरं चेष्टा करायची, देवाचं नाव घाल की लेका. तर हा म्हणायचा, “हप्ता देव भरतोय व्हय?”

खोटं नव्हतं ते. मीनाबाई अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलचे काठ शिवायला जाते. गाडी घेताना तिनं गळ्यातलं मोडलं आणि पुढचे हप्तेही निम्मे तिच्याच पगारातून गेले. त्या आधी हरिदास मंद्रूपच्या लाइनला वडाप चालवायचा, म्हणजे दुसऱ्याची जीप, दाबून माणसं भरायची आणि मालकाला रोजचं नेऊन द्यायचं. तो होटगीचा, बाप रेल्वेत गँगमन. मंद्रूपच्या लाइनवरची प्रत्येक बाजारकरीण त्याला नावानं ओळखते, कारण ह्यानं सीटचे पैसे घेतले, पण भाजीच्या पाटीचं भाडं कधी घेतलं नाही. पाट्या टपावर स्वतः चढवायचा, स्वतः उतरवायचा.

मी स्टँडच्या कोपऱ्यावर चहाचा गाडा चालवते आणि ड्रायव्हर लोकांची संघटनाही. माझी शाळा सातवीत सुटली. भाड्याचे नियम मी आरटीओच्या दारात भांडून शिकले, म्हणून ते मला पाठ आहेत. आणि माणसंही पाठ आहेत. बसवेशसारखी तर जास्तच.

बसवेश हा एजंट. सगळे त्याला अण्णा म्हणतात. स्टेशनसमोर त्याचं एसीचं ऑफिस आहे. पुण्याचं, हैदराबादचं, गाणगापूरचं गिऱ्हाईक त्याच्याकडं येतं आणि तो आमच्या गाड्या पाठवतो. स्वतःच्याही चार-पाच गाड्या आहेत. इतक्या गाड्यांचा धनी, पण क्लच कुठल्या पायानं दाबतात ते त्याला माहीत नाही. कधी स्टिअरिंगला हातच लावला नाही. ही गोष्ट लक्षात ठेवा.

आता भाड्याचं सांगते, कारण आग तिथूनच लागली. सोलापूरहून कुणाला पुण्यात सोडायचं असलं तर अण्णा गिऱ्हाइकाकडून जायचे आणि यायचे असे दोन्हीचे पैसे घेतो. सांगतो काय, तर गाडी रिकामी परत येणार, डिझेल तर जळणारच. बरोबर आहे. पण ड्रायव्हरला देतो एकाच बाजूचं. परतीचं मागितलं तर म्हणतो, तुला पुण्यात काय घर बांधायचं होतं का, तसाही तू परत येणारच होतास. आणि पुण्यातून परतीचं एखादं गिऱ्हाईक मिळालं, तर त्याचेही पैसे परस्पर फोनवर घेऊन टाकतो. एक गाडी, तीन भाडी. ड्रायव्हरच्या पदरात एक, त्यातून डिझेल, टोल आणि वडापाव.

हे सगळ्यांना माहीत होतं आणि सगळे गप्प होते. गप्प राहिलेल्याला पुढचं भाडं मिळतं ना.

हरिदासही गप्पच होता. एकदा पुण्याहून येताना अण्णानं एक म्हातारं जोडपं त्याच्या गाडीत बसवलं. टेंभुर्णीला चहाला थांबले तेव्हा त्या आजोबांनी सहज सांगितलं की आम्ही पुरं भाडं तुमच्या मालकाला दिलंय हो, तुम्हाला मिळतं ना त्यातलं? हरिदासनं मान हलवली आणि चहा तसाच ठेवून उठला. सोलापुरात आल्यावर तो सरळ ऑफिसात गेला आणि परतीचं भाडं मागितलं. दार उघडं होतं, आम्ही सगळे बाहेर. बसवेश खुर्चीतून उठलासुद्धा नाही.

“एनप्पा, काय रे हरिदास,” म्हणाला, “तू तसाही रिकामाच येणार होतास की.”

“रिकामा आलो असतो तर मागितलं नसतं, अण्णा. भरून आलोय.”

झालं. एवढंच बोलला तो. त्याच दिवशी अण्णानं त्याला भाड्याच्या ग्रुपमधून काढला आणि बाकीच्या एजंटांना फोन फिरवले की हा माणूस गिऱ्हाइकांशी भाड्यावरून हुज्जत घालतो. मी त्याच्या ऑफिसासमोर उभी राहून शिव्या दिल्या, लेबर ऑफिसात अर्ज केला, आरटीओत गेले. जिथं गेले तिथं हेच ऐकलं, बाई, हा तुमचा आपसातला व्यवहार. हरिदास स्टँडवर नंबर लावून बसायचा. मोबाईलवरच्या गाड्यांनी शहरातलं भाडं तर आधीच खाल्लं होतं. एखादं सीट मिळालं तर मिळालं. हप्ते थकले.

फायनान्सची माणसं आली ती कारखान्याच्या दारात. सकाळची पाळी भरत होती, सायकली, मोटरसायकली, बायांची रांग. हरिदास मीनाबाईला सोडायला आला होता. ती नुकती उतरली होती. त्यांनी किल्ली काढून घेतली आणि सगळ्यांसमोर गाडी नेली. मीनाबाईचा जेवणाचा डबा मागच्या सीटवर राहिला होता. तोही गेला. त्या दिवशी तिला शेजारणींनी आपल्या डब्यातलं द्यायला हात पुढं केले, तिनं घेतलं नाही. पाळीभर काठ शिवत राहिली.

आणि महिन्याभरात ती गाडी स्टँडवर परत आली. बसवेशनं आपल्या मेहुण्याच्या नावावर ती फायनान्सच्या यार्डातून स्वस्तात उचलली होती. काचेवरचं नाव ब्लेडनं खरवडलं होतं, पण ‘मीना’तली वेलांटी राहून गेली होती. वर अण्णानं निरोप पाठवला की हरिदासला हवं असेल तर रोजंदारीवर चालवू दे, त्याला तिची सवय आहे.

आणि हरिदास गेला.

स्टँडनं तोंडं फिरवली. मी त्याचा चहा बंद केला आणि तोंडावर विचारलं, लाज विकलीस का रे? तो बोनेटवर फडकं मारत होता. म्हणाला, “ताई, गाडी मीनाची हाय. दुसऱ्या कुणाच्या हातात दिली तर क्लच जाळून टाकतील.” मला वाटलं हा वाकला. मी वाकलेल्या माणसाशी बोलत नाही.

मग बसवेशच्या मुलीचं, अंकिताचं लग्न निघालं. मुलगा भीमेच्या पलीकडचा, झळकीच्या पुढं त्यांचं गाव, कार्यालय तिथंच माळावर. वऱ्हाडाला गाड्या हव्यात. अण्णानं ग्रुपवर आपल्या आवाजात निरोप टाकला, तो माझ्या गाड्यावर सगळ्यांनी मिळून ऐकला. घरचं कार्य आहे, प्रत्येकाला एका बाजूचं मिळेल. परतीचं काही धरू नका, तसेही तुम्ही परत येणारच.

म्हणजे वऱ्हाड न्यायचं, संध्याकाळी परत आणायचं, आणि परत आणायचं फुकट. स्वतःच्या पोरीच्या लग्नातही त्याची सवय सुटली नाही. मी म्हणाले, एकही गाडी हलणार नाही. सिद्धू म्हणून एक तरुण ड्रायव्हर आहे, तो तर ऑफिसवर दगड टाकायला निघाला होता. तेवढ्यात हरिदास, ज्याला कुणी बोलावलं नव्हतं, लांबूनच म्हणाला, “न्हाय गेलात तर दुसरीकडनं गाड्या आणंल त्यो. जायाचं. एका बाजूचं घेतलंय न्हवं? एक बाजू करायची.”

मला कळायला क्षणभर लागला. मग मी उठून त्याला चहा दिला. साखर जास्त घातली.

त्यानं दोन अटी घातल्या. पहिली, तिथं कुणी जेवायचं नाही. आमच्याकडं ज्याचं मीठ खाल्लं त्याच्यापुढं तोंड उघडत नाही, आणि बसवेश आधी पंगतीला बसवून मगच नडतो, हे सगळ्यांनी भोगलेलं. दुसरी अट, पोरीची पाठवणी होईपर्यंत शब्द काढायचा नाही. ही मला पटली नाही. मी तर अक्षता पडायच्या आधीच बसवेशला मांडवात उभा धरला असता. पण हरिदास म्हणाला, “पोरीनं आपलं काय वाकडं केलंय?” तेव्हा मी ती मानली.

मी सिद्धूच्या गाडीत पुढं बसून गेले. मला आमंत्रण नव्हतं, पण लग्नात कोण कुणाला ओळखतं. वऱ्हाड वेळेवर पोचवलं, म्हाताऱ्यांना हात धरून उतरवलं. मग ऊन, माळ, आणि मांडवातून येणारा मसालेभाताचा वास. ड्रायव्हर लोक गाड्यांच्या सावलीत पाणी पिऊन बसले. वाढपी दोनदा बोलवायला आले. सिद्धू मध्येच कुठं तरी गायब झाला आणि मिशीला पाक लावून परत आला. बाकीचे त्याच्यावर धावले तर म्हणतो, “जिलेबीत मीठ नसतंय.”

पाठवणी झाली. अंकिता सासरच्या गाडीत बसून गेली, बसवेशनं डोळे पुसले. वऱ्हाड गाड्यांकडं वळलं तर सगळ्या गाड्यांची तोंडं सोलापूरकडं, दारं लॉक, काचा वर, ड्रायव्हर आत. बसवेश फेटा सावरत आला आणि हरिदासच्या काचेवर टकटक केली. हरिदासनं काच चार बोटं खाली घेतली.

“दार उघड की. लोक उन्हात हायत.”

“परतीचं भाडं ठरलेलं न्हाय, अण्णा.”

बसवेशला आधी हसू आलं. मग त्यानं आवाज चढवला. मग फोन काढले. विजापूरला लावला, इंडीला लावला. लग्नांची दाट तिथी, एक गाडी मोकळी नाही. रस्त्यावरून एसटी गेली ती माणसं लोंबकळत. त्याची आई खुर्चीवर बसली, व्याही बघायला बाहेर आले. आणि तेव्हा त्याला वाटलं की आपल्या हातात हुकमाचं पान आहे. म्हणाला, “ही गाडी माझी हाय. उतर खाली.”

हरिदास उतरला. किल्ली काढली, फडक्यानं पुसली आणि सगळ्या वऱ्हाडासमोर बसवेशच्या तळहातावर ठेवली.

“चालवा.”

बसवेश किल्लीकडं बघत होता, वऱ्हाड बसवेशकडं. त्याचाच एक भाचा मागून म्हणाला, मामाला येत नाही चालवायला. कुणी तरी हसलं. मी हसले, लपवून कशाला ठेवू.

मग सगळं भराभर झालं. दोन्ही बाजूंचं, प्रत्येकाला, गाडी हलायच्या आधी. बसवेशच्या खिशात तेवढी रोकड नव्हती. उन्हात उभं राहून आहेराची पाकिटं फोडावी लागली, आणि रुपयाची नाणी चिकटवलेली रिकामी पाकिटं त्याच्या बायकोच्या पदरात पडत गेली. पण मी तेवढ्यावर ऐकणार नव्हते. मी म्हणाले, तोंडानं म्हणा, परतीचं भाडं कुणाचं? तो माझ्याकडं असा बघत होता की त्याचं चाललं असतं तर मला तिथंच पुरली असती. व्याही उभे होते. म्हणाला, ड्रायव्हरचं. मी म्हणाले, तुमच्या आईला ऐकू नाही आलं. त्यानं परत म्हटलं.

गाड्या निघाल्या. हरिदासच्या गाडीत बसवेश मागं आणि मी मुद्दाम पुढं. बसवेशची बायको मला बघून दुसऱ्या गाडीत गेली. भीमेचा पूल ओलांडला. हरिदासनं स्वतःचे पैसे अजून मागितले नव्हते. मला राग यायला लागला होता.

मंद्रूपच्या फाट्यावर बाजार उठला होता. हरिदासनं गाडी बाजूला घेतली. पलीकडून गोजरबाई म्हणून जुनी भाजीवाली ओळखून धावत आली, मागं आणखी एक बाई, दोघींच्या डोक्यावर उरलेल्या मेथीच्या पाट्या. बसवेश म्हणाला, हे काय चाललंय?

“परतीचं भाडं ड्रायव्हरचं, तुमीच म्हणालासा,” हरिदास आरशात बघून म्हणाला. “मग सीट बी मीच भरणार की.”

दार उघडलं. गोजरबाई आत घुसली, मेथीची पाटी बसवेशच्या मांडीवर आली, दुसरी त्याच्या पायावर. तिनं त्याच्या फेट्याकडं, गळ्यातल्या हाराकडं बघितलं.

“सरक की बाबा जरा. नवरा हायस व्हय, ऐसपैस बसलास त्यो?”

सोलापुरात शिरताना सैफुल लागतं, तिथपर्यंत बसवेश मांडीवर मेथी घेऊन आला. रेशमी कुर्त्यावर मातीचे डाग. गोजरबाई उतरताना चुरगळलेल्या नोटा पुढं करू लागली. पाटीचेही धर म्हणाली. हरिदासनं दोघींच्या सीटचे तेवढे घेतले, पाटीचे परत दिले. खिशात घातले नाहीत. डॅशबोर्डवर, बसवेशला दिसतील असे ठेवले, आणि स्टेशनपर्यंत गाडी तशीच हळू आणली. ऑफिससमोर थांबून त्यानं ते उचलले, किल्ली तिथं ठेवली आणि उतरला.

“पुण्याचं राहिलंय,” खिडकीत वाकून म्हणाला. “त्ये असू दे. तुमी विसरायला नको म्हणून ठेवलंय.”

दुसऱ्या दिवशी त्याला कामावरून काढलं, ते कुणाला नवीन नव्हतं. आता तो परत मंद्रूपच्या लाइनला दुसऱ्याची जीप चालवतो. पण स्टँडवरची एकही गाडी परतीचं भाडं आधी ठरल्याशिवाय बसवेशच्या नावानं हलत नाही. मीनाबाईची ती गाडी ऑफिससमोर धूळ खात उभी असते. तिच्यावर बसायला बसवेश ड्रायव्हर शोधतोय आणि सोलापुरात एक माणूस तयार होत नाही. होऊ देत नाही मी. काचेवरची वेलांटी अजून आहे. मी रोज सकाळी गाडा लावायच्या आधी ओल्या फडक्यानं तेवढीच जागा पुसते.