अंगठ्याच्या नखावरची परीक्षा

देऊळगाव राजाजवळच्या आमच्या शेडनेटमध्ये मिरचीच्या संकरित बियाण्यासाठी बाराशे चाळीस मादी झाडे लावली होती. त्यांतल्या साधारण निम्म्या झाडांत एक जनुक निकामी असते. परागकणांना लागणारा स्निग्ध पदार्थ त्यामुळे तयार होत नाही आणि फुलात पराग धरत नाही. आम्हाला तीच झाडे हवी असतात, कारण त्यांच्या फुलांना दुसऱ्या वाणाचा पराग हाताने लावायचा असतो. बाकीची पहिल्या फुलालाच ओळखून उपटायची. एखादे राहिले तर ते स्वतःच्याच परागाने फळते, बियाण्यात भेसळ होते आणि सगळा माल नाकारला जातो.

ओळखायचे काम गावातल्या एका बाईंकडे होते. त्या फूल अंगठ्याच्या नखावर घासत आणि नख उजेडाकडे धरत. नख कोरे दिसले तर झाड राहायचे. कोणी हाक मारली तरी हातातले फूल पाहून झाल्यावरच त्या "हाव" म्हणत.

सहाशे एकोणीस झाडे उरली. तीन आठवड्यांनी त्या एका झाडापाशी थांबल्या. नखावर पिवळसर भुकटी होती आणि झाडाला मिरच्याही लागल्या होत्या.

"हे माह्याच हातून सुटलं, भाऊ," त्या म्हणाल्या आणि मी काही बोलायच्या आत त्यांनी झाड उपटले.

"एकच तर होतं," मी म्हणालो.

"एक सापडलं म्हनून एक म्हनता. आनखी किती हायेत, तुमाले ठाव हाय?"

त्या पहिल्या ओळीपासून पुन्हा तपासू लागल्या. मी दुसरी ओळ धरली. ती संपवून वळलो, तर त्या माझ्याच ओळीच्या पहिल्या झाडाशी वाकलेल्या.

"ही मी तपासली आहे," मी म्हणालो.

"हाव ना. मघाचं ते झाड मी बी तपासलंच होतं."