भाऊसाहेबांचं ‘हळू’

उजव्या हाताचा तळवा जमिनीकडे करून ते हवा खाली दाबायचे, उतू जाणारं दूध हातानंच बसवावं तशी, आणि म्हणायचे, "हळू, बाई. हळू." आमच्या शाळेच्या हेडक्लार्कना, भाऊसाहेबांना, तुम्ही पाहिलं असतंत तर आधी हा हात लक्षात राहिला असता, चेहरा नंतर.

मी मराठीची शिक्षिका आणि भजन गाणारी. तेव्हा, नव्वदच्या आसपास, आमच्या भिवंडीत सगळेच ओरडून बोलायचे. भिंतीपलीकडे कापड विणणारे लूम खडखडत असताना दुसरं करणार काय? नवऱ्याला चहा हवा का, हेही वरच्या पट्टीत. अशा गावात या माणसाला गझलेचं वेड! धामणकर नाक्यावर त्यांची खोली, भिंतीला भिंत लावून कारखाना. तिथल्या कारागिरांकडून उर्दू शब्दांचे अर्थ विचारून घेत आणि वहीत देवनागरीत उतरवत. कॅसेटी तर पार झिजवल्या होत्या. मला त्यांनी जबरदस्तीनंच शिकवलं म्हणा ना. मी तान उचलली की हात खाली. "समोर एकच माणूस बसलाय असं समजा, बाई." मी चिडायचे. पण पुढे माझं भजनही मऊ झालं, आणि मंडळातल्या बायका विचारू लागल्या, घसा बसलाय का गं.

तालीम शुक्रवारी शाळा सुटल्यावर, कारण त्या दिवशी लूम बंद. अशाच एका शुक्रवारी पेटी वाजवता वाजवता ते म्हणाले, "जरा मोठ्यानं, बाई."

मी गाता गाता थांबले. अकरा वर्षांत हे त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं.

मग एकेक दिसायला लागलं. फोन वाजला तरी उचलत नसत. मागून हाक मारली की मान वळत नसे. आमचा शेलार गावाहून येणारा शिपाई मला बाजूला घेऊन म्हणाला, "भाऊसाहेबांना ऐकू येत न्हाय, बाई. कुनाला सांगू नका." मी कशाला सांगतेय? पण माझी झोप उडाली. दोन महिन्यांनी त्यांची निवृत्ती होती आणि निरोपाला त्यांनी स्वतःच गझल ठरवली होती, ते पेटीवर, मी गाणार. हळू गायले तर त्यांची पेटी चुकणार आणि सगळ्या शाळेसमोर त्यांचं बिंग फुटणार. मोठ्यानं गायले तर त्यांनी शिकवलेलं सगळं पाण्यात. कान दाखवा म्हणून मी मागे लागले, तर म्हणाले, दाखवले, लूमनं खाल्ले, आता उपाय नाही. कार्यक्रम मात्र होणार.

तोही शुक्रवारच. हॉलमध्ये कमालीची शांतता. पहिली ओळ मी हळू घेतली आणि पेटी मागे पडली. शिपायानं दारातून माझ्याकडे पाहिलं. मग मी आवाज चढवला. पेटी जुळली खरी, पण गझलेचा पार भाजीबाजार झाला. पहिल्या रांगेतले मुख्याध्यापक दचकले. शरमेनं माझे कान तापले, तरी मी सोडलं नाही.

तेवढ्यात भाऊसाहेबांनी वर पाहिलं. माझ्या गळ्याच्या शिरा त्यांना दिसल्या असणार. त्यांनी पेटीवरचा हात उचलला आणि तळवा खाली दाबला.

पेटी बंद. पुढचे सगळे शेर मी तशीच गायले, त्यांनी शिकवलं होतं तसं. ते हात मांडीवर ठेवून माझ्या ओठांकडे बघत होते, आणि दाद बरोबर जागेवर देत होते. लोकांना वाटलं, असंच ठरलेलं असेल. कुणाला काही कळलं नाही. मी घरी जाऊन ढसाढसा रडले.

पुढे ते मुलाकडे नाशिकला गेले. पत्रं यायची, मग एकदा मुलाचंच आलं.

मी अजून गाते, हळूच गाते. समोर मंडळभर बायका असतात. तो एकच माणूस बसलाय असं समजायला जाते, आणि आवाज लागत नाही.