मथुराबाईच्या दोन सह्या

…अन् मग अमृतरावानं खिशातून आपलं नवंकोरं पॅन कार्ड काढलं आणि हुकमाचा एक्का मारावा तसं कारकुनाच्या टेबलावर आपटलं. कालपासून ज्याच्या गोष्टी सांगतो आहे तोच हा अमृतराव, बेल्याचा, माझ्या शेताच्या धुऱ्यापलीकडे ज्याचं वावर आहे तो. मी शेजारीच उभा होतो, म्हणून छातीठोक सांगतो: कारकुनानं कार्ड उलटंपालटं करून पाहिलं आणि परत सरकवलं.

"ये नहीं चलता, राव. बिल मथुराबाई के नाम का है. मथुराबाई कौन?"

"माही बायको."

"तो उनका कार्ड लाव."

झालं! एक्क्याची दुर्री झाली.

भानगड अशी होती. अमृतरावाची जीप सरकारी कामाला ठेक्यानं लागलेली होती. लस टोचणाऱ्या नर्सबाईंना घेऊन गावोगाव फिरायचं, महिन्याला आदिलाबादेच्या हापिसात बिल द्यायचं. शंभरामागं रुपया-दोन रुपये इन्कम टॅक्सचे कापून बाकी हातात पडत. कोणाला त्याचं काही वाटत नसे. पण दोन हजार दहाच्या एप्रिलपासून कायदा बदलला. ज्याच्या नावाचं बिल, त्याचा पॅन नंबर नसेल तर शंभरातले वीस कापायचे! वीस गेले की डिझेल तरी भरा नाहीतर जीपचा हप्ता तरी. आणि हप्ता चुकला की फायनान्सवाले जीप ओढून नेणार, हे अमृतरावाला पक्कं ठाऊक होतं.

आता बिल बायकोच्या नावावर काऊन? तर त्यांच्या घराण्यात रीतच तशी. घरात नवी वस्तू आली की ती घरच्या सुनेच्या नावावर. अमृतरावाच्या आईच्या नावावर बैलजोडीची पावती, विहिरीच्या मोटरीची पावती. जीपही तशीच मथुराबाईच्या नावावर घेतली, नारळ फोडला, हार घातला, पेढे वाटले. मीही दोन खाल्ले. त्यानंतर त्या जीपचा एकही कागद मथुराबाईला कोणी दाखवला नाही. जीप जिच्या नावावर, ठेकाही तिच्याच नावावर. म्हणजे चार वर्षं सरकारदरबारी ठेकेदार होती मथुराबाई, आणि ती बिचारी घरी ज्वारीच्या भाकरी थापत होती.

आम्ही घरी जाऊन सांगितलं तर ती काठवटीसमोरून उठलीच नाही.

"म्हंजे मी ठेकेदार हावो?"

"कागदावर," अमृतराव म्हणाला.

"मंग आज भाकर बी कागदावरच खा."

मी हसलो तर अमृतरावानं माझ्याकडे असं पाहिलं, जसा काही मीच कायदा बदलून आणला होता.

पण बाई समजदार. दुसऱ्याच दिवशी आदिलाबादेत जाऊन फॉर्म भरला, फोटो काढला, चौथीत गिरवलेल्या अक्षरात एकेक अक्षर सुटं सुटं काढून सही केली. कारकुनानं तोवर बिल थांबवून ठेवलं, भला माणूस. तीन आठवड्यांनी पोस्टानं कार्ड आलं आणि आम्ही तिघं परत त्या टेबलापुढं उभे राहिलो. मला न्यायची काही गरज नव्हती, पण मी गेलो. अशा ठिकाणी मी मागं राहत नसतो.

कारकुनानं कार्ड पाहिलं. मग फाइल काढून जुनी बिलं पाहिली. मग पुन्हा कार्डावरची सही. त्याचा चेहराच बदलला.

"राव, ये दो-दो मथुराबाई कैसे?"

कारण बिलांवर चार वर्षं मथुराबाईची सही अमृतरावानंच ठोकली होती! तीही कशी, लफ्फेदार, खाली दोन रेघा ओढून. बायको घरची, जीप घरची, मग सहीसाठी कशाला तिला एवढ्या दूर आणायची, असा त्याचा साधा हिशेब. त्यात खोटेपणा आहे हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. आणि आता फाइलीतल्या अठ्ठेचाळीस सह्यांपुढं खऱ्या मथुराबाईचीच सही खोटी ठरत होती.

"झूठी दस्तखत है तो ठेका कॅन्सल," कारकून म्हणाला आणि फाइल उचलून आत साहेबाकडे गेला.

अमृतराव माझ्याकडे वळला. "गेली, काका," तो म्हणाला, "जीप गेली."

साहेबानं तिघांनाही आत बोलावलं. साहेब तेलुगू, पण हिंदी चांगलं बोलायचा, मराठीही त्याला समजायची. त्यानं विचारलं, "सच्ची मथुराबाई कौन सी?"

अमृतराव तोंड उघडणार, तेवढ्यात मथुराबाई पुढं झाली. "मी हावो साहेब. त्या सह्या मालकायनं केल्या. मले कोणी इचारलंच नाही. इचारलं असतं तं मी नाही थोडी म्हणली असती."

साहेबानं तिच्याकडून कोऱ्या कागदावर तीनदा सही करून घेतली. तिन्ही सारख्या, सुट्या सुट्या. मग जीपचा नंबर विचारला. तिनं घडाघडा सांगितला. गाडी कोणत्या दिवशी कुठं जाते म्हणाला, तर "सोमवारी जैनथ, बुधवारी बेला, शुक्करवारी पार डोंगराकडं, त्या दिवशी जीप मले दोनदा धुवा लागते," इथपर्यंत सांगितलं. साहेबाला हसू आवरेना. अमृतरावाकडे बोट करून म्हणाला, "ये कौन?"

"डायवर हाये," मथुराबाई म्हणाली.

आणि सुटलो हो! साहेबानं तिच्याकडून लिहून घेतलं की जुन्या सह्या माझ्या संमतीनं झाल्या, यापुढं मीच करीन. पॅन नंबर फाइलीला लागला. वीसच्या जागी शंभराला एकच रुपया कापला, आणि तोही रिटर्न भरलं तर परत मागता येतो, हे कारकुनानंच सांगितलं. बाहेर आल्यावर अमृतरावानं तीन प्लेट भजी मागवली आणि दोन स्वतःच खाल्ल्या. माणसाच्या पोटातली भीती गेली की जागा किती होते, ते मी त्या दिवशी पाहिलं.

तेव्हापासून दर महिन्याला मथुराबाई जीपमध्ये पुढच्या सीटवर बसून सही करायला आदिलाबादेला जाते. परवा मी सहज म्हणालो, "सूनबाई, सहीचा अधिकार अमृतरावाला लिहून देऊन टाक ना. तुझी दर महिन्याची खेप वाचेल."

ती म्हणाली, "काऊन काकाजी? चार वर्सं ते माह्या नावानं सही करून राह्यले होते, तवा त्यायचा हात दुखला का? आता माह्या नावाची सही मी करून राह्यली, तं तुमच्या पोटात काऊन दुखते? अन् त्या हापिसातला पंखा लय चांगला हाये."