डॉटर, लाफ्टर, स्लॉटर

सर म्हणाले, "बाकावर उभी राहा. सगळ्यांना दिसली पाहिजेस."

मी चढले. सहावीचा वर्ग. इंग्रजीचा तास. फळ्यावर तीन शब्द होते, एकाखाली एक. सुरुवातीची अक्षरं वेगळी, पण शेपूट तिघांचं एकच. ए, यू, जी, एच, टी, ई, आर. त्या शेपटाखाली सरांनी लाल खडूने रेघ ओढली होती.

"वाच."

पहिला शब्द मला येत होता. डॉटर. मुलगी. बरोबर वाचला. दुसऱ्याचं शेपूट तेच, म्हणून मी वाचलं, लॉटर. वर्ग हसला. सर म्हणाले, लाफ्टर. म्हणजे हसणं. मी मनात पक्कं केलं, हे शेपूट 'आफ्टर' असं वाचायचं. तिसरा शब्द आला. मी मोठ्याने वाचलं, स्लाफ्टर.

वर्गात हशा फुटला. पोट्टे बाक बडवायला लागले.

सरांनी हात वर करून त्यांना थांबवलं. मग मला विचारलं, "स्लॉटर. अर्थ सांग."

मला माहीत नव्हता. तसं सांगितलं.

"माहीत नाही? तुझ्याच घरचा शब्द आहे." ते वर्गाकडे वळले. "हिचे वडील काय करतात रोज सकाळी?"

पहिल्या बाकावरून आवाज आला, "बकरा कापतात, सर."

"करेक्ट. स्लॉटर म्हणजे जनावर कापणं." टेबलावरची लाकडी पट्टी उचलून त्यांनी माझ्यापुढे धरली. "आता करून दाखव. म्हणजे कोणी विसरणार नाही."

मी पट्टी घेतली नाही. त्यांनी तीच माझ्या पोटऱ्यांवर हाणली. दोनदा, तीनदा. मग परत पुढे धरली. मी घेतली. गळ्यावर ठेवली आणि ओढली.

सर म्हणाले, "डॉटर ऑफ स्लॉटर. आणि क्लास, हे तुमचं जे चाललंय ना, ते लाफ्टर. तिन्ही शब्द एका वाक्यात."

तास संपेपर्यंत मी बाकावर उभी होते. पोटऱ्यांवर वळ उठले होते. तोंड हसल्यासारखं झालं होतं ते तसंच राहिलं. मला ते मिटताच येईना.

आम्ही खाटीक. उत्तर नागपुरात बाबांचं मटणाचं दुकान. दुकानाच्या मागे दोन खोल्या, तेच आमचं घर. आई मागच्या अंगणात भट्टीवर मुंड्या-खूर भाजून, घासून, साफ करून विकायची. तिच्या केसांना कायम जळल्याचा वास. आरटीईच्या सोडतीत माझं नाव निघालं आणि मोठ्या फाटकाची ती इंग्रजी शाळा मला फुकट मिळाली, तेव्हा बाबांनी अख्ख्या गल्लीत पेढे वाटले होते. शाळेत जाण्याआधी आई मला घासून घासून आंघोळ घालायची. मानेला, कानामागे, नखांत. पावडर लावायची. बाबा एकच सांगायचे, शाळेत दुकानाचं नाव काढायचं नाही.

मी काढलं नव्हतं. एक दिवस डबा घरी राहिला. बाबा दुकानातून तसेच उठून स्कूटरवर आले. मधल्या सुट्टीत फाटकाशी उभे राहिले, बनियनवर रक्ताचे ठिपके, हातात माझा डबा. सगळ्यांनी पाहिलं. सरांनीही. मी पळत जाऊन डबा घेतला. पोरीला उपाशी राहावं लागलं नाही म्हणून ते खूश होऊन गेले.

त्या तासानंतर मला नाव राहिलं नाही. स्लॉटर. हजेरीच्या वेळी माझा नंबर आला की मागून कोणीतरी बकरीसारखं ओरडायचं. सर मान खाली घालून हजेरी घेत राहायचे, ओठांत हसू दाबून. शेजारच्या मुलीने दप्तर उचललं आणि दुसऱ्या रांगेत गेली. म्हणाली, मम्मी रागावते.

आणि मग नळाजवळची ती दुपार. गांधीबाग बाजारातल्या एका कपड्याच्या ठोक व्यापाऱ्याचा पोट्टा आमच्या वर्गात होता. पहिल्या बाकावरून उत्तर देणारा तोच. मी बाटली भरत होते. त्याने मागून माझी वेणी धरली आणि डोकं मागे ओढलं. दोघांनी हात पिरगाळून धरले. चौथा कंपासपेटीतली कर्कटक घेऊन पुढे आला. आकाशाकडे तोंड, गळा ताणलेला, आणि त्यावर ते लोखंडी टोक. सगळे मिळून बॅं बॅं करत होते. आणि त्याच ठेक्यात म्हणत होते, डॉटर ऑफ स्लॉटर. मी लाथ झाडली. टोक रुतलं. मी सुटले आणि तोंडावर आपटले, नळाच्या सिमेंटच्या कट्ट्यावर. पुढचा दात अर्धा तुटला. पांढरी कॉलर लाल झाली.

शाळेने घरी निरोप पाठवला, खेळता खेळता लागलं.

दुसऱ्या दिवशी बाबा शाळेत गेले. दुकान बंद ठेवून, आंघोळ करून, लग्नातला पांढरा शर्ट घालून. चौकीदाराने त्यांना फाटकाच्या आत घेतलं, पण पायऱ्या चढू दिल्या नाहीत. मी बाबांच्या शेजारी उन्हात उभी. बऱ्याच वेळाने मोठ्या मॅडम व्हरांड्यात आल्या आणि वरूनच बोलल्या. मुलं आहेत, मस्ती करतात. मग माझ्या गळ्यावरच्या पट्टीकडे पाहून म्हणाल्या, "तुमच्याकडे तर रक्त रोजचंच असेल ना?"

बाबांनी हात जोडले. "हो मॅडम," म्हणाले.

घरी आल्यावर त्यांनी मला मारलं. कानशिलात, मग पाठीवर. मोठा हात होता त्यांचा, सुरा धरून धरून कडक झालेला. मारताना ओरडत होते, शिकाचं हाय का नाही तुले, का इथंच बसाचं हाय मुंड्या भाजत? मी भिंतीला चिकटले होते. आईने भट्टीवर पाण्याची बादली ओतली. धूर झाला. त्या धुरातून ती आत आली आणि बाबांपुढे उभी राहिली.

"तिले काहून मारता? ज्यायनं मारलं त्यायले तर हात जोडून आले न तुमी."

बाबांचा हात खाली आला. ते बाहेर जाऊन बंद दुकानाच्या फळीवर बसले. त्या दिवशी कोणी जेवलं नाही.

पुढे तो शब्द मी शोधून काढला. आत्याच्या मुलाच्या मोबाइलवर. स्लॉटरचे दोन अर्थ होते. एक, खाण्यासाठी जनावर कापणं. दुसरा, ज्यांना प्रतिकार करता येत नाही अशा माणसांना क्रूरपणे मारणं. मी दोन्ही अर्थ पुन्हा पुन्हा वाचले. सरांनी वर्गात पहिलाच सांगितला होता. दुसरा सांगितला नव्हता, करून दाखवला होता. आणि मला एवढे दिवस लाज पहिल्याची वाटत होती.

तेव्हा मी अकरा वर्षांची होते. शहाणपण वगैरे काही आलं नाही. आला तो राग. पोटात निखारा ठेवल्यासारखा. सकाळी उठले की तो तिथेच असायचा.

परीक्षेआधी सरांनी उजळणी घेतली. तेच तीन शब्द, तीच लाल रेघ. माझ्याकडे बोट केलं. "चल, आमची एक्स्पर्ट. बाकावर."

मी जागची हलले नाही.

त्यांनी परत सांगितलं. वर्ग आधीच हसायला लागला होता, काय होणार ते सगळ्यांना माहीत होतं. सर आले. पट्टीची कड माझ्या बोटांच्या पेरांवर मारली. मी हात मागे घेतला नाही. परत मारली. मग कान धरून मला फळ्यापर्यंत ओढत नेलं आणि माझं कपाळ त्या शब्दांवर आपटलं. "वाच. वाच म्हणतो ना."

पट्टी पुन्हा वर गेली. ती खाली येताना मी धरली.

दोन्ही हातांनी. ते ओढायला लागले. मी सोडेना. कड तळव्यात शिरली, ओलं ओलं लागलं, तरी सोडेना. त्यांनी दुसऱ्या हाताने माझ्या थोबाडीत मारली. कानात शिट्टी वाजावी तसं झालं. मी पूर्ण अंग टाकून पट्टी पिरगाळली. ती मोडली. सर मागे धडपडले, टेबलाला आपटले, खुर्ची पडली.

मी म्हणाले, "आमच्या दुकानात बकरा कापतानी कोनी हासत नाही, सर."

पहिल्या बाकावरच्या पोट्ट्याने मान खाली घातली.

मग सरांनी मला खरं मारलं. आतापर्यंतचं शिकवण्याच्या नावाखाली होतं, हे तसं नव्हतं. हाताने, बुटाने. मी फळ्याखाली पडले होते आणि ते मारत होते. आवाज ऐकून शिपाई धावत आला आणि त्याने त्यांना कमरेला धरून ओढलं, तेव्हा थांबले.

ऑफिसात मोठ्या मॅडम होत्या, सर होते, आणि बोलावून घेतलेले माझे आईबाबा. मॅडम म्हणाल्या, हिने शिक्षकावर हात उचलला. सगळ्या वर्गासमोर सरांचे पाय धरून माफी मागावी. नाहीतर आजच टीसी. आरटीईचं काय ते आम्ही बघून घेऊ.

बाबा माझ्याकडे वळले. डोळे लाल. "मांग माफी, बाई. एवढ्या खेपेले मांग."

"नाही मांगत."

बाबांचा हात वर गेला. मी मान वळवली नाही. "मारा," मी म्हणाले. "पन माफी नाही मांगत."

तो हात बराच वेळ वर होता. मग तो माझ्या कानाशी आला. कानातून मानेवर रक्ताचा एक ओघळ आला होता, त्यांनी तो बोटाने पुसला आणि बोट मॅडमपुढे धरलं. "हे पाहा आधी, मॅडम. माफीचं मंग बोलू."

मॅडमनी चौकीदाराला बोलावलं. तो बाबांच्या कॉलरला धरून बाहेर न्यायला लागला. बाबा जड जड बकरे एका हाताने आकड्याला टांगायचे. चौकीदाराला त्यांनी उचलून फेकलं असतं. फेकलं नाही. पायरीवर पाय चुकला आणि ते गुडघ्यावर पडले. याही वेळी घालून आलेल्या त्या पांढऱ्या शर्टाची बाही फाटली. आईने त्यांना उठवलं नाही, माझा हात धरला आणि सरळ फाटकाबाहेर चालायला लागली. बाबा मागून लंगडत आले. आईने मागे न पाहता विचारलं, पोलीस ठाणं कोणत्या रस्त्याने जवळ पडतं.

ठाण्यात संध्याकाळपर्यंत बसवलं. शाळेचं प्रकरण आहे, आपसात मिटवा, म्हणाले. आई दुसऱ्या दिवशी परत गेली. तिसऱ्या दिवशी परत. शेवटी तक्रार घेतली. सरांचं काहीच वाकडं झालं नाही. त्यांनी शाळा सोडून स्वतःचे क्लासेस काढले. चौकात त्यांचा टाय घातलेला फोटो लागला. माझा डावा कान मात्र गेला तो गेलाच. डॉक्टर म्हणाले, पडदा फाटलाय, आणायला उशीर झाला.

मी महानगरपालिकेच्या शाळेत शिकले. पुढे इंग्रजी घेऊन बीए केलं, बीएड केलं. काही लोकांना यात चमत्कार दिसतो. चमत्कार नाही. ती भाषा मी सरांच्या हाती सोडून देणार नव्हते, एवढंच. आता मी नागपुरातच, जरीपटक्यातल्या एका शाळेत इंग्रजी शिकवते. बाबांचं दुकान चालू आहे. कोणी विचारलं तर मी दुकानाचा पत्ता सांगते.

गेल्या हिवाळ्यात आमच्या शाळेत वक्तृत्व स्पर्धा झाली. पाहुणे परीक्षक म्हणून सर आले. केस पांढरे झालेले. स्टाफरूममध्ये कोणीतरी माझं नाव सांगितलं तेव्हा त्यांनी ओळखलं. आधी चेहरा उतरला. मग हसले, खुर्चीतून उठले, माझ्या डोक्यावर हात ठेवायला आले. सगळ्या शिक्षकांना ऐकू जाईल असं म्हणाले, "बघा, माझी विद्यार्थिनी. तेव्हा थोडा कडक वागलो, म्हणून आज इंग्रजीची टीचर झाली."

मी त्यांचं मनगट हवेतच धरलं.

"तुम्ही मला शिकवलं नाही, सर. तुम्ही मला मारलं. माझी जात काढून वर्गाला हसवलं आणि मग बुटाने मारलं. या कानाने मला ऐकू येत नाही ते तुमच्यामुळे."

चहाचे कप जिथल्या तिथे राहिले. मुख्याध्यापक म्हणाले, मॅडम, पाहुणे आहेत, नंतर बोलू. सर म्हणाले, जुनी गोष्ट आहे, सोडून दे बेटा.

मी मनगट सोडलं. गोष्ट सोडली नाही. मुख्याध्यापकांना तिथेच सांगितलं, हा माणूस आमच्या मुलांसमोर मंचावर बसणार असेल, तर मी त्याच मंचावर उभी राहून हेच बोलीन, माइकवर. मुलांना कळलं पाहिजे. स्पर्धा उशिरा सुरू झाली. परीक्षकाची एक खुर्ची रिकामी राहिली.

मला नंतर नोटीस मिळाली. पाहुण्यांशी गैरवर्तन. मी उत्तर दिलं, त्यात खेद हा शब्द नाही. नोकरी जाईल का, माहीत नाही. लोक म्हणतात, माफ कर, मन हलकं होईल. माझं मन जड नाही. मी माफ केलेलं नाही आणि करणार नाही. तो जिथे जिथे सर म्हणून बसेल तिथे मी जाईन आणि त्याने काय केलं ते त्याच्यासमोर सांगीन. आणि माझ्या डोळ्यांदेखत कोणी एखाद्या लेकराला हसं करायला बाकावर चढवलं, तर तो हात मी धरीन. मग तो कोणाचाही असो.