उजव्या हाताचं बोट

"आधी हात धुऊन ये. साबण लावून. मेथीचा वास येतोय तुझ्या हाताला."

बाई हे सगळ्यांसमोर म्हणाल्या. त्यांच्या हॉलमध्ये वक्तृत्वाच्या वर्गाची मुलं सतरंजीवर बसली होती. माझी पाळी आली म्हणून मी उठून माईकपाशी गेलेले. माईक नवा होता, बाईंच्या मुलाने आणून दिलेला. मी हात मागे घेतला. मागून कुणीतरी फिसकन हसलं. मी बेसिनपाशी गेले, हात धुतले, परत आले. बाईंनी माझे पंजे उलटेपालटे करून पाहिले. नखांच्या कडेला हिरवट काळं राहिलं होतं. पहाटे मेथीच्या जुड्या बांधल्या की ते राहतंच, कशानेही निघत नाही. बाई म्हणाल्या, "पुन्हा धू."

मी पुन्हा धुतले. आणि परत येऊन भाषण म्हटलं. विषय होता, आजच्या समाजापुढील ज्वलंत प्रश्न.

मला राग आला असं सांगितलं तर ते खोटं होईल. मला लाज वाटली. तीसुद्धा आईची. घरी गेले आणि तिच्यावरच चिडले. म्हटलं, उद्यापासून मी जुड्या बांधणार नाही, मला वास येतो. आईने माझ्याकडे एकदा पाहिलं. म्हणाली, "बरं. नको बांधू. तुला आभ्यास आसतो." त्या दिवसापासून ती एकटीच बांधायला लागली आणि माझी नखं गोरी झाली.

आई डोंबिवलीत स्टेशनपासून जरा आत, एका मोठ्या कॉम्प्लेक्सच्या फाटकाजवळ फुटपाथवर पालेभाजी विकायची. आम्ही ठाकुर्लीला चाळीत राहतो. वडील मी लहान असताना गेले. आई जुन्नरकडची, पाल्याला हात लावला की कधीचा तोडलाय ते तिला कळतं. पहाटे कल्याणच्या मार्केटमधून माल आणायचा, चाळीच्या दारात बसून जुड्या करायच्या आणि डोंबिवली गाठायची. गोणपाट अंथरलं की जेवढं मावेल तेवढी तिची जागा. त्या जागेवर आमचं घर चालायचं आणि माझं शिक्षण. एक दिवस रिकामी दिसली तर दुसरं कुणी बसेल, म्हणून आई तापातही जायची.

तिच्या शेजारी कमळमावशी बसायची. इथली जुनी, आगऱ्यांची. भेंडी, शेवगा, पावसाळ्यात रानभाज्या. लहानपणी मी शाळा सुटली की त्या दोघींच्या मधे बसून अभ्यास करायचे. धडे मोठ्याने वाचायचे, कारण रस्त्याच्या आवाजात हळू वाचलेलं मलाच ऐकू येत नसे. बाईंनी मला ऐकलं ते तिथेच. त्या त्याच कॉम्प्लेक्समध्ये राहायच्या, शाळेतून निवृत्त झालेल्या. मेथीची जुडी उलगडून बघत आईला म्हणाल्या, "ताई, मुलीची वाणी फार छान आहे हो. माझ्याकडे पाठवा. फी वगैरे काही नको." आईने त्या दिवशी त्यांच्याकडून मेथीचे पैसेही घेतले नाहीत.

बाई वाईट नव्हत्या. वाईट असत्या तर सगळं सोपं झालं असतं. त्यांनी मला श्वास कुठे घ्यायचा ते शिकवलं, ष आणि श वेगळे शिकवले. मी "आनि" म्हटलं की त्या हसायच्या नाहीत, पुन्हा म्हणायला लावायच्या. भाषणं त्याच लिहून द्यायच्या. सगळीकडे हीच रीत आहे. सर नाहीतर बाई लिहितात, मुलं पाठ करतात, परीक्षक विचारांचं कौतुक करतात. मी प्रदूषणावर बोलले, बेरोजगारीवर बोलले, मोबाईलच्या व्यसनावर बोलले, तेव्हा माझ्याकडे मोबाईल नव्हता. पाणीटंचाईवर तर मी अगदी मनापासून बोलायचे. त्या भाषणात डोक्यावर हंडा घेऊन माळरान तुडवणारी एक खेड्यातली बाई होती. आमच्या चाळीचा नळ तेव्हा दिवसाआड यायचा. स्पर्धेच्या सकाळी मी स्वतः रांगेत भांडून दोन कळश्या भरल्या होत्या. पण त्या कळश्या भाषणात घालाव्यात असं मला कधी सुचलंच नाही. समाज म्हणजे आपण नव्हेच, असं माझ्या डोक्यात पक्कं बसलं होतं.

आता कॉलेजात प्राध्यापक विचारतात, आजच्या समाजापुढचा सगळ्यात मोठा प्रश्न कोणता? मुलं हात वर करतात. मला माझीच सगळी भाषणं आठवतात. त्यांतल्या प्रत्येकात कुणीतरी प्रश्न होतं, आणि ते कधीच समोर खुर्चीवर बसलेलं नसायचं.

मी कॉलेजात गेले त्या वर्षीचं भाषण शहराबद्दल होतं. मधोमध एक जागा अशी होती: "ते पाहा आपल्या हक्काचे फुटपाथ! सांगा, कुणी गिळले ते? धान्याला कीड लागते, तशी या शहराला फेरीवाल्यांची कीड लागली आहे." ते पाहा म्हणताना उजवा हात खांद्यापर्यंत उचलायचा, बोट बाहेर. मग एक श्वास थांबायचं. मग आवाज खाली आणून, कीड. बाईंनी हे माझ्याकडून आरशासमोर करून घेतलं. कोपर वाकलं की म्हणायच्या, "ताठ! आरोप करतेयस तू."

त्याच संध्याकाळी खाली उतरून त्यांनी आईकडून पालक घेतला. कोवळा आहे ना, म्हणून विचारलं. भाजी दारात हवी, भाजीवाली नको. मी हे सगळं बघत होते. भाषणातली कीड म्हणजे कोण, हे मला कळत नव्हतं असं नाही. शहाण्यासारखं मी ते कळून घेतलं नाही.

ठाण्याच्या स्पर्धेत पहिला नंबर आला. आईला यायला जमलं नाही, जागा कोण सांभाळणार? बाईंनी मोबाईलवर भाषणाचा व्हिडिओ काढला. तो कॉम्प्लेक्सच्या ग्रुपवर गेला, तिथून आणखी कुठेकुठे. फाटकावरच्या वॉचमनने आईला पाठवला.

दुसऱ्या दिवशी मी फुटपाथवर गेले तर आईच्या भोवती सगळ्या भाजीवाल्या जमलेल्या. आईने फोन टोपलीला टेकवून उभा केला होता. "बघ, बघ, आता हात कशी करती बघ," असं ती सांगत होती. तिने तो एवढ्या वेळा पाहिला होता की कुठे हात उचलतो ते तिला पाठ झालं होतं. फोनमधून माझा आवाज आला. ते पाहा. मग ती थांबायची जागा. मग कीड.

एकीने पाण्याचा हबका भाजीवर मारला आणि आपल्या जागेवर जाऊन बसली. कमळमावशीने माझ्याकडे बघितलं.

"गो पोरी, ती कीड मंजी आमी का?"

मी खाली वाकून फोन बंद केला.

"माजे सासऱ्याचा शेत व्हता हितं. या फुटपाथचे खाली. मी लावनी केलीय हितं. तवा नाय कोनी बोलला कीड."

आईच मधे पडली. "आगं कमळे, स्पर्धेत तसंच बोलाया लागतं. लिहून देत्यात त्यांना. तिच्या मनातलं थोडंच हाय ते?"

आईने मला वाचवलं. तिला काय माहीत, तिने काय केलं ते. मनातलं नव्हतं, मग तोंडात का होतं? मी तोंड का दिलं? कमळमावशी "उचलली जीभ लावली टाळ्याला" म्हणाली असती तरी मी ऐकून घेतलं असतं. ती तेवढंही म्हणाली नाही. तिने भेंडी निवडायला घेतली.

तिथे थांबायला हवं होतं. मी थांबले नाही. कॉम्प्लेक्सच्या मंडळाने माझा सत्कार ठेवला आणि तेच भाषण पुन्हा म्हणायचं आमंत्रण दिलं. आई म्हणाली, "जा. बाईंनी बोलावलंय." तिला वाटलं, एवढ्या मोठ्या लोकांत मुलगी बोलणार. मला काय वाटलं? मला टाळ्या हव्या होत्या. टाळ्यांची चटक लागली की माणूस कुणाच्या अंगावर पाय देतोय ते बघत नाही. कमळमावशीचा प्रश्न कानात होता आणि तरी मी ड्रेसला इस्त्री केली.

स्टेज कम्पाउंडमध्ये होतं, फाटकाच्या बाजूला. आई इरकलीचं लुगडं नेसून आली होती, लग्नात जाताना नेसते ते. वॉचमनने तिला फाटकात अडवलं. तोच, ज्याने तिला व्हिडिओ पाठवला होता. "मावशी, आत फक्त मेंबर. मला बोलतील." ती वाद न घालता मागे सरकली आणि आपल्या टोपलीशेजारी जाऊन उभी राहिली. तिथून तिला गजांतून स्टेज दिसत होतं.

बाई जवळ आल्या, हळूच म्हणाल्या, "नखं बघू." मी हात पुढे केले. स्वच्छ होते. बाई खूश झाल्या.

मग अध्यक्षांनी माईक घेतला. "मित्रहो, ही मुलगी बाहेर फुटपाथवर बसणाऱ्या भाजीवालीची आहे. तरीही तिचे विचार बघा. जे त्यांच्यातल्याच मुलीला कळतं, ते पालिकेला कळत नाही. भाषण झालं की निवेदनावर सह्या करूनच जायचं." टेबलावर कागद ठेवलेले होते. फाटकासमोरचे फेरीवाले उठवावेत, असं ते निवेदन होतं. हे मला तिथे उभं राहिल्यावर कळलं. माझा सत्कार कशासाठी होता तेही तेव्हाच कळलं.

तरी मी सुरुवात केली. हेसुद्धा लपवणार नाही. पूज्य व्यासपीठ म्हटलं, सन्माननीय अध्यक्ष म्हटलं. पाठ केलेलं भाषण उतारावरच्या हातगाडीसारखं असतं, आपलं आपण पुढे जातं. ते पाहा म्हणाले आणि उजवा हात उचलला. ताठ. बोट बाहेर.

उजवीकडे फाटक होतं. गजांमागे इरकलीचं लुगडं नेसलेली माझी आई होती. मी तिच्याकडे हात केला असं तिला वाटलं. तिने हसून हात हलवला.

माझा हात तसाच राहिला. खालून बाई ओठ हलवत सांगत होत्या, "आपल्या हक्काचे... आपल्या हक्काचे..." त्यांना वाटलं मी विसरले. मी काहीच विसरले नव्हते. मी हात खाली घेतला.

"मी हे वाक्य बोलणार नाही. तिथे माझी आई उभी आहे. तुम्ही रोज तिच्याकडूनच भाजी घेता."

माझा आवाज घोगरा आला. श्वास चुकीच्या जागी घेतला. मग अध्यक्ष हसत आले, माझ्या हातातून माईक काढून घेतला आणि म्हणाले, "लहान आहे, भावनिक झाली." लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यावरही टाळ्या! मग ते म्हणाले, "हरकत नाही, आपल्याकडे व्हिडिओ आहे."

आणि त्यांनी तो लावला. कर्ण्यातून माझाच आवाज आला, स्वच्छ, ष आणि श वेगळे. ते पाहा. कीड. मी स्टेजवर उभी होते आणि मी बोलणार नाही म्हटलेलं सगळं मीच बोलत होते. फुटपाथपर्यंत ऐकू जात होतं. लोक उठले आणि सह्यांच्या टेबलापाशी रांग लागली. बाईंनी सही केली. माझ्याकडे न बघता.

पालिकेची गाडी आली तेव्हा मी कॉलेजात होते. टोपल्या, वजनकाटे, छत्र्या, सगळं गाडीत टाकून नेलं. माझ्यामुळेच आली का? आई म्हणते, "गाडी पहिल्यापासून येतीच की गं." येते. पण पूर्वी संध्याकाळपर्यंत सगळ्या परत बसायच्या. या वेळी तिथे लोखंडी कठडा लागला. आई आता मागच्या गल्लीत नाल्याजवळ बसते. तिथे गिऱ्हाईक येत नाही, दुपारपर्यंत पालक मान टाकतो. तिने मला एका शब्दाने दुखावलं नाही. एकदा तरी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

तो व्हिडिओ अजून फिरतो. मला तो परत घेता येत नाही. कमळमावशीने मला माफ करावं, असं मी कुठल्या तोंडाने म्हणू?

बाईंचा वर्ग मी सोडला. आता पालिकेत जागेसाठी अर्ज करायला सगळ्या बायका जाणार आहेत, आणि साहेबांपुढे बोलायला मी उभी राहणार आहे. कुणी लिहून दिलेलं नाही. जे बोलणार ते आधी गल्लीत, त्यांच्या टोपल्यांपुढे उभं राहून बोलून दाखवलं. कमळमावशी माझ्याकडे पाठ करून बसली होती. मधेच म्हणाली, "मोठ्यान् बोल. नाय आयकू येत." तेवढंच. मी मोठ्याने बोलले.

यापुढे जे वाक्य मला त्या बायकांमधे बसून बोलता येणार नाही, ते मी कुठल्याही स्टेजवर बोलणार नाही. तिथे साहेबांनी मोबाईल काढून तो व्हिडिओ माझ्यापुढे धरला, तर मी म्हणणार आहे, हो, ती मीच. आता माझं पुढचं ऐका.

पहाटे मी पुन्हा जुड्या बांधते. नखं काळी झाली आहेत. माईक घेण्याआधी मी हात धूत नाही.