ग्रॅज्युएट म्हंजी काय

पाथर्डीच्या आरतीचं बी.ए.चं शेवटचं वर्ष ऊसतोडीपायी राहून गेलं होतं. एके दिवशी तिची लेक बालवाडीतून काळा झगा, काळी टोपी घालून आली.

"आई, मी ग्रॅज्युएट झाले!"

"म्हंजी काय गं?" सासू लंकाबाईनं आरतीला विचारलं.

"कॉलेज पुरं केलेला माणूस. आता बालवाडी संपली तरी तसंच म्हणतात."

"मंग तू हायेस का?"

दिवसभर आरतीचं कशातच लक्ष लागेना. दुसऱ्या दिवशी ती कॉलेजात चौकशी करून आली. राहिलेलं वर्ष पुरं करता येणार होतं.

लंकाबाई गुडघे चोळत म्हणाली, "औंदा लेकाच्या जोडीला तुझ्या जागी म्या जाते तोडीला. तू शिक."

आरतीनं प्रवेश घेतला. पण पुस्तक उघडलं, की सासूचे सुजलेले गुडघेच डोळ्यांपुढे येतात.