ओलं फडकं

आसावरी वानखडे मूळची नागपूरच्या महाल भागातली. आता अमेरिकेतल्या शॉमबर्गला आठवडाभर सॉफ्टवेअर तपासायची आणि शनिवारी चर्चच्या तळघरातल्या हॉलमध्ये पोरांना कराटे शिकवायची. तिच्या वर्गाची सुरुवात लाथाबुक्क्यांनी होत नसे, ओल्या फडक्याने होई. दोन्ही तळवे फडक्यावर, ढुंगण वर, आणि या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत पळत जमीन पुसायची. आधी स्वतः आसावरी, मग वरच्या बेल्टची पोरं, शेवटी नवखी. तिचे जपानी गुरू, हायाशी सेन्सेई, पाठीत वाकले तरी पहिलं फडकं स्वतःच पिळत. "इथं जो पडणार आहे त्याच्यासाठी पुसतोय," एवढंच म्हणत.

संक्रांतीच्या आठवड्यात पालकांनी मिळून वर्गाला वाण दिलं: जमीन पुसणारा रोबो, वर लाल रिबीन. अनयाचा बाबा, पुण्याचा प्रताप, कौतुकाने पुढे झाला.

"ताई, आता मुलांना पोछा नको. तेवढंच ट्रेनिंग जास्त होईल. ब्राऊन बेल्टची टेस्ट तोंडावर आलीय यार, आणि अनया फडकं घेऊन पळतेय!"

"हेच ट्रेनिंग आहे जी."

"सीरियसली? आपल्याकडे या कामाला बाई असते, ताई."

बाई असते! आसावरीच्या कानशिलाची शीर उडायला लागली. व्हिसाच्या रांगेत वर्षं घालवून इथं आले, पण वाकायचं काम कुणाचं, हे मात्र लेकाच्यांनी बॅगेत घडी घालून बरोबर आणलं.

"काहून जी, तुमच्या पोरीचे हात झिजले का? सांडलेल्या घामावरून दुसऱ्याचं पोट्टं घसरलं, तर ते मशीन त्याला उचलणार आहे?"

"मग आम्हाला मॉलजवळचा क्लास बघावा लागेल. तिकडे बेल्टही पटकन मिळतात." मागच्या पालकांनी त्याच्या बाजूने माना डोलावल्या.

"पाहा ना. इथं फडकंच राहील."

पुढच्या शनिवारी बर्फ पडलेला, आणि हॉल निम्मा रिकामा. अनया मात्र पळतच आत आली, बूट काढले, फडकं पिळलं. मागून प्रताप आला, बर्फाने माखलेल्या बुटांसकट, थेट हॉलच्या मधोमध.

"अनया, आपण फक्त सांगायला आलोय. आय टोल्ड यू इन द कार. ताई, आजपासून ती येणार नाही."

"बूट काढा आधी!"

"निघालोच आहोत."

त्याच्या मागे काळ्या चिखलपाण्याचे ठसे उमटले होते, आणि वर्गातला सगळ्यात धाकटा आर्य तिकडूनच पळत यायच्या बेतात होता.

"आर्य, वेट!" म्हणत अनया खाली बसली आणि एकेक ठसा पुसत दाराकडे सरकू लागली.

"अनया, चल!"

"टू मिनिट्स, बाबा."

जे शिकवायला आसावरीने गुडघे फोडून घेतले, ते या पोरीच्या हातात उतरलं होतं. आणि नेमकी हीच चालली होती. प्रतापची कॉलर धरावी, असं हातांना झालं. तिने हात मांड्यांशी घट्ट धरले.

अनयाने फडकं पिळून वाळत घातलं, दाराशी वाकून नमस्कार केला. आसावरी तिच्याहून खाली वाकली. मग कोपऱ्यातला रोबो रिबिनीसकट उचलून तिने प्रतापच्या हातात कोंबला.

"वाण परत करत नाहीत, ठाऊक आहे मला. पण न्या. तुमच्या मागं मागं फिरवायला लागेल."

दार लागलं. तिने बादलीत फडकं बुडवलं.